एक्झॉस्ट 44

44, 44, 44, 45, 44, 44, 43, 44.

औषध कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे आकडे वाचून हसू येईल. बाकीच्यांसाठी सांगतो. गोळ्यांवर रंगाचा पातळ थर चढवणाऱ्या मशीनमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं, म्हणजे एक्झॉस्टचं, हे तापमान आहे, दर पंधरा मिनिटांनी बॅच रेकॉर्डमध्ये लिहिलेलं. मर्यादा 42 ते 46. दोन तास कोटिंग चाललं, आठ नोंदी झाल्या आणि एकही नोंद कडेलासुद्धा गेली नाही. अंबड एमआयडीसीतल्या एका थर्ड पार्टी कंपनीत मी कोटिंगवर होतो, तेव्हा असे कागद सह्या करून शेकड्यांनी पुढे सरकवले. दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या नावानं बनवून देणारी कंपनी, त्यामुळे कागद स्वच्छ असणं हीच पहिली अट. आता ही चव्वेचाळिसांची रांग पाहिली की मला ती पाठ केलेल्या उत्तरासारखी वाटते.

गरवारे पॉइंटला बस सोडून आत वळलं की अंबड एकदम कळत नाही. वाहनांचे सुटे भाग, इलेक्ट्रिकल, प्लेटिंगवाले आणि त्यांच्यात मध्येच एखादी पांढरी, खिडक्या नसलेली इमारत, छतावर जाडजूड डक्ट. ती औषधाची. तुमच्या घरातल्या एखाद्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात ‘अंबड-पाथर्डी ब्लॉक, नाशिक’ असा पत्ता सापडेल. तो ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या कारखान्याचा. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी 1998 मध्ये जाहीर झालेल्या देणगीतल्या अल्बेंडाझोलच्या गोळ्याही नाशिकच्याच कारखान्यात बनतात. ब्लू क्रॉसचा कारखानाही इथलाच. आणि या मोठ्या नावांच्या आसपास आमच्यासारख्या बिननावाच्या कंपन्या.

गोळीला कोट कशाला, हा प्रश्न पाहुणे हमखास विचारायचे. कडू चव झाकायला, ओल आणि उजेड बाहेर ठेवायला, औषध जठरात न सुटता आतड्यात सुटावं म्हणून, आणि पांढऱ्या गोळ्यांच्या गर्दीत आपली गोळी ओळखू यावी म्हणून. पूर्वी हे काम साखर करायची. पाकाचे थरावर थर, प्रत्येक थर वाळवायचा, पुन्हा पाक. एकेका बॅचला दिवस लागत आणि गोळीचं वजन निम्म्यानं वाढे, कधी दुप्पट होई. 1954 च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅबटनं पातळ पॉलिमरचा कोट चढवलेली गोळी बाजारात आणली. तेव्हापासून थर वजनाच्या दोन-चार टक्क्यांवर आला आणि दिवसांचे तास झाले. आधी हा पॉलिमर मिथिलीन क्लोराइडसारख्या द्रावकात विरघळवत. पुढे द्रावकांची वाफ आणि आगीची भीती नको म्हणून पाणी आलं. पाणी स्वस्त, निरुपद्रवी, पण उडायला आळशी. या लेखातली सगळी भानगड त्या आळसातून सुरू होते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परकं तंत्र. अजिबात नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा आठवा. माझी आई मंद शेगडीवर परात ठेवून खसखस हलवत बसायची, चमच्यानं पाक थेंबथेंब सोडायची, बोटांनी फिरवत राहायची. थेंब, फिरवणं, वाळणं. पुन्हा थेंब. कोटिंग पॅनमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पिंपात, दुसरं काहीही घडत नाही. फरक एवढाच की आईला काटा हवा असायचा आणि आम्हाला तो नको असायचा. काटा येतो कसा? थेंब दाण्यावर पसरायच्या आधीच वाळला की. आमच्याकडे तसं झालं की गोळी खरखरीत होते, संत्र्याच्या सालीसारखी. फ्लोअरवर तिला ‘ऑरेंज पील’च म्हणतात. उलट थेंब वाळायला उशीर झाला की गोळ्या एकमेकींना चिकटतात. लांबट, सपाट कडेच्या कॅप्सूलसारख्या गोळ्या असल्या तर दोन-दोनच्या जोड्याच निघतात. त्यांना आम्ही ‘जुळी’ म्हणायचो. एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला जुळी, आणि कोटिंगवाल्याची सगळी नोकरी या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात.

आई म्हणायची, थंडी नसेल तर काटा धरत नाही. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकलं आणि कामावर एकदाही आठवलं नाही.

*

आता थोडा हिशेब. कंटाळा येईल त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालतील, पण गाळू नयेत असं मला वाटतं.

समजा 300 मिलिग्रॅमच्या आठ लाख गोळ्या पॅनमध्ये आहेत, म्हणजे 240 किलो. त्यांवर तीन टक्के कोट चढवायचा, म्हणजे 7.2 किलो घन पदार्थ. तो पंधरा टक्के प्रमाणात पाण्यात कालवला तर 48 किलो द्रावण होतं. मिनिटाला 400 ग्रॅम फवारलं तर बरोबर दोन तास. त्यातलं 340 ग्रॅम निव्वळ पाणी, आणि ते दर मिनिटाला उडालंच पाहिजे. एक किलो पाणी उडवायला साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून मिनिटाला 816. ही उष्णता आणायची गरम हवेनं. हवा 2,000 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, धरली तर समुद्रकाठी मिनिटाला साठेक किलो हवा पॅनमधून जाईल. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. इथली हवा सुमारे सात टक्के विरळ, म्हणून 55 किलोच्या जवळपास. तेवढी हवा 816 किलोज्यूल देऊन टाकते तेव्हा तिचं तापमान पंधरा अंशांनी उतरतं. साठ अंशांनी आत गेलेली हवा पंचेचाळीसला बाहेर पडते, पत्र्यातून थोडी उष्णता निसटते, आणि उरतात ते आपले 44.

म्हणजे 44 हा आकडा कुणी हौसेनं ठरवलेला नाही. शाळेतल्या उष्णतेच्या गणितातून तो येतो. ग्लेन एबी नावाच्या संशोधकानं 1987 मध्ये हे गणित कोटिंगसाठी मांडलं. 2005 मध्ये फायझरच्या अ‍ॅम एंडे आणि बर्चिएली यांनी ते आणखी नेटकं केलं, द्रावकांसकट. गोव्यातल्या समुद्रकाठच्या कारखान्यात बसवलेली रेसिपी नाशिकला आणली की सुरुवातीच्या बॅचेस ओलसर का निघतात, याचं अर्धं उत्तर त्या सात टक्क्यांत आहे. पंखा घनफूट मोजतो, पाणी किलोंनी उडतं. आमच्याकडे मात्र रेसिपी बाहेरून आली की आधी ऑपरेटरवर संशय जायचा.

उरलेलं अर्धं उत्तर पावसात. ऑगस्टमध्ये नाशिकच्या हवेत किलोमागे 17-18 ग्रॅम बाष्प असतं, जानेवारीच्या थंडीत 6-7. हवा गरम केल्यानं ते कुठं जात नाही. मिनिटाला 55 किलो हवा म्हणजे पावसाळ्यात पॅनमध्ये दर मिनिटाला जवळपास किलोभर पाणी वाफेच्या रूपात नुसत्या हवेबरोबरच येतं. आपण फवारतो त्या पाण्याच्या पावणेतीनपट! हिवाळा आणि पावसाळा यांतला फरकच आपल्या फवाऱ्यापेक्षा मोठा. एअर हँडलिंग युनिटला बाष्प काढायची सोय असेल तर हा फरक बुजतो. जुन्या मशीनना नुसता हीटर असे. आमच्याकडे नुसता हीटर होता.

आणि यातली मेख अशी, की हवा दमट असली तरी एक्झॉस्टचं तापमान फारसं बदलत नाही. पाणी उडतं तोवर उष्णतेचा हिशेब तोच राहतो. गोळीच्या पृष्ठभागावरचं वाळणं मात्र मंदावतं. 44 तेच, गोळी वेगळी. नाशिककरांना हे समजायला दुतोंड्या मारुती पुरे. गोदेला पूर आला की आपण विचारतो, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. त्यावरून सराफ बाजार, भांडी बाजार आपापला माल हलवतात. पण मारुती सांगतो ते रामकुंडाजवळचं. तुमच्या दुकानाच्या पायरीचं तुम्हालाच पाहावं लागतं. एक्झॉस्ट हा आमचा मारुती होता आणि आम्ही पायरी बघत नव्हतो.

*

पायरी बघायचे ते नाना. वयानं आणि हुद्द्यानं सीनियर ऑपरेटर, सगळ्यांचेच नाना. बॅच सुरू झाली की पॅनच्या दारापाशी कान तिरका करून उभे राहायचे. कोरड्या गोळ्यांचा आवाज खुळखुळा असतो, ओल्यांचा दबका. सॅम्पलिंगच्या खिडकीतून चार गोळ्या काढून तळहातावर घोळवायच्या, पालथ्या हाताला लावायच्या. मग काही न बोलता पंपाचा वेग दोन-तीननं उतरवायचा, अर्ध्या तासानं पुन्हा चढवायचा. माझ्याकडे बघून म्हणायचे, “साहेब, लिहा चव्वेचाळीस.” आणि खरंच तेवढंच असायचं.

एका पावसाळ्यात नाना गावी गेले होते आणि लागोपाठ दोन बॅचेस जुळ्यांनी भरल्या. बेल्टवर बसून हातानं निवडाव्या लागल्या. चौकशीचा कागद माझ्याकडे. मूळ कारणाच्या चौकटीत मी लिहिलं : ऑपरेटरची चूक. उपाय : पुनर्प्रशिक्षण. बदली ऑपरेटर पोराची सही घेतली, फाइल बंद केली. या चौकटीत हे दोन शब्द किती कारखान्यांत किती वेळा लिहिले गेले असतील, याची मोजदाद कुणी करेल तर आपल्या औद्योगिक इतिहासाचं एक प्रकरण होईल. त्या पोरानं रेसिपीत लिहिलं होतं तेच केलं होतं, अगदी तंतोतंत. चूक तीच झाली होती.

काही वर्षांनी कंपनीला मोठ्या ग्राहकासाठी ‘डेटा’ दाखवायचा झाला आणि एम. फार्म. झालेली, आकडेशास्त्राचा नाद असलेली एक मुलगी आमच्यात आली. तिनं तोपर्यंतच्या बॅचेसचे आकडे कॉम्प्युटरवर चढवले, सरळ रेषेचं समीकरण बसवलं आणि मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवलं. मॉडेलनं सांगितलं : फवारा वाढवला की एक्झॉस्टचं तापमान वाढतं.

सगळे हसले. जास्त पाणी ओतल्यावर हवा गरम होते म्हणे! ती लाल झाली, पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, “सर, मॉडेल चुकलेलं नाही. आपला डेटाच असं सांगतोय. का सांगतोय ते शोधूया.”

शोध नानांपाशी येऊन थांबला. तापमान उतरायला लागलं की नाना फवारा कमी करत. म्हणजे कागदावर कमी फवारा आणि कमी तापमान शेजारी-शेजारी येत, जास्त फवारा आणि बरं तापमान शेजारी-शेजारी. कारण आणि उपाय यांची जागा उलटली. गंगापूर धरणाचं बघा. पावसाळ्यात पातळी ठरल्याप्रमाणे राहावी म्हणून अभियंते दरवाजे वर-खाली करतात. फक्त पातळीची वही वाचणाऱ्याला वाटेल, पाऊस पडला काय, न पडला काय, धरणाला काही फरक पडत नाही. दरवाजे उघडणारा माणूस त्या वहीत नसतो. जितका तो तरबेज, तितकी वही सपाट.

मला या सगळ्या प्रकरणात काही सांगायचं असेल तर एवढंच : चांगल्या कारागिराचं कौशल्य त्याच्या नोंदींत दिसत नाही, नोंदींतून पुसलं जातं. जुन्या बॅच रेकॉर्डच्या ढिगावर मशीन लर्निंगची कितीही मोठी यंत्रणा बसवा, ती त्या पुसलेल्या पाटीवरच अक्षरं शोधणार. आजकाल सल्लागार मंडळी येऊन ‘तुमच्याकडे दहा वर्षांचा डेटा आहे, सोनं आहे’ म्हणतात तेव्हा मी चहा मागवतो आणि गप्प बसतो.

*

मग केलं काय? आधी हवेतलं बाष्प मोजणारा सेन्सर इनलेटला बसवला. वरच्या हिशेबासारखं उष्णतेचं आणि बाष्पाचं गणित आधी मांडलं, आणि आकडेशास्त्राला सांगितलं की या गणितातून जेवढं सुटत नाही तेवढंच तू बघ. मग मुद्दाम बिघडवायच्या बॅचेस केल्या. औषध नसलेल्या कोऱ्या गोळ्या, लहान पॅन, आणि तीन घटक हेतुपूर्वक वर-खाली : फवाऱ्याचा वेग, हवेचं तापमान, पॅनचे फेरे. तीन घटकांच्या तीन-तीन पातळ्या म्हणजे 27 प्रयोग होतात. बॉक्स आणि बेन्केन यांनी 1960 मध्ये दिलेल्या मांडणीत 12 आणि मधल्या बिंदूचे तीन अशा पंधरांत भागतं. एक बॅच आम्ही इतकी ओली केली की पॅनमध्ये लाडू वळले. नानांना हे बघवेना. चांगला माल जाणूनबुजून खराब करायचा हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नव्हतं.

पण त्या लाडवातच माहिती होती. पंधरा प्रयोगांनंतर काटा आणि जुळी यांच्यामधला पट्टा कागदावर पहिल्यांदा दिसला, आणि तो पट्टा हवेतल्या बाष्पाप्रमाणे सरकतो हेही दिसलं. ऑगस्टला एक फवारा, जानेवारीला दुसरा. नाना दोन-तीननं पंप उतरवायचे, तो सरकणाऱ्या पट्ट्याच्या मागे-मागे चालत जाणं होतं.

दुसरी गोष्ट कळली ती सारखेपणाची. आठ लाख गोळ्यांपैकी प्रत्येक गोळी उसळत वर येते, फवाऱ्याखालून सेकंदाच्या काही भागात सरकते, पुन्हा ढिगात गडप होते. कुणाला जास्त वेळा संधी, कुणाला कमी. ही तफावत वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे तफावत निम्मी करायची तर वेळ चौपट. दोन तासांचे आठ तास कोण देणार? म्हणून पॅनचे फेरे वाढवा, गन वाढवा, फवाऱ्याचा पंखा रुंद करा, पॅनमध्ये माल कमी भरा. मोठ्या कंपन्या यासाठी प्रत्येक गोळीची टक्कर संगणकात घडवून बघतात. ही रीत 1979 मध्ये कंडल आणि स्ट्रॅक यांनी माती-वाळूच्या कणांसाठी काढली होती. आमच्याकडे एवढी संगणकशक्ती नव्हती. आम्ही शंभर गोळ्यांवर नंबर टाकले, आधी आणि नंतर तोलल्या. पेन्सिल पुरली.

इथं एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या घरचं आहे. एका बॅचचं तापमान ही दोन तासांची एक वक्ररेषा असते. अशा शेकडो वक्ररेषांतून नेहमीचे चढउतार आणि वेगळेपण कसं वेगळं काढायचं? त्यामागचा गणिती पाया ‘कारहुनेन-लोएव्ह’ नावानं शिकवला जातो. त्या दोघांच्या आधी, 1943 मध्ये, तोच विचार इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडणारे होते दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. अलीकडे काही पुस्तकांत त्यांचं नाव पहिलं जोडलं जातं. कोटिंग पॅनच्या पडद्यावर बॅच ‘नेहमीसारखी नाही’ म्हणून लाल ठिपका येतो, तेव्हा त्या ठिपक्यात थोडे कोसंबी असतात. आमच्या एम. फार्म.वाल्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, हे आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलंच नाही.

*

तंत्र जमलं. अडलं कागदावर.

अमेरिकेच्या एफडीएनं 2004 मध्येच सांगितलं होतं की प्रक्रिया समजून घ्या, चालू असताना मोजा आणि सावरा. आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू-8 मार्गदर्शिकेनं तर मोजून-मापून ठरवलेल्या पट्ट्यात फिरायची मुभा दिली. पण मुभा घ्यायची तर पट्टा सिद्ध करून आधी मंजूर करून घ्यावा लागतो. थर्ड पार्टीत रेसिपी ग्राहकाची. फवारा 400 लिहिलाय तर 400. ऋतूप्रमाणे 370 करायचा म्हणजे चेंज कंट्रोल, स्टॅबिलिटी, पत्रव्यवहार. नाना वर्षानुवर्षं करत होते ते नियमाच्या भाषेत रोजचं डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या रेसिपीचा भंग, होतं. म्हणूनच त्याचं कारण कधी लिहिलं गेलं नाही आणि म्हणूनच ते मॉडेलला कधी दिसलं नाही. खरं तेच लिहा म्हणून आणलेल्या नियमांनी माणसं सपाट लिहायला शिकली, हे म्हणणं कडवट वाटेल, पण फ्लोअरवर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

आता चित्र पालटतंय. नव्या कोटिंग मशीनमध्ये सेकंदासेकंदाची नोंद आपोआप होते, कुणी काय कधी बदललं हे खोडता येत नाही. औषध उत्पादनाच्या आपल्या नियमांचं सुधारित शेड्यूल एम डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालं. त्यानं गुणवत्तेची जोखीम, दर वर्षीचा उत्पादन आढावा, संगणकीय यंत्रणांची पडताळणी हे लहान कारखान्यांच्याही दारात आणलं. अंबडच्या छोट्या मालकांना त्याचा खर्च झेपेल का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो रागानं लिहावा लागेल.

नाना निवृत्त झाले तेव्हा सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो होतो. विचारलं, सकाळी शिफ्टला येताच तुम्ही पंप कमी लावायचात, गोळी हातात घ्यायच्या आधीच. कशावरून? ते म्हणाले, “गाऊनवरून. लाँड्रीतून आलेला गाऊन अंगात घालताना गार लागला की समजायचं.” सुती गाऊन बाष्प धरतो. चेंज रूममधल्या खुंटीवर आमचा बाष्पमापक रोज टांगलेला होता, आणि तो आम्ही रोज अंगातही घालत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मुलीनं मला रेकॉर्ड रूममध्ये बोलावलं. बॅच रेकॉर्ड औषधाची मुदत संपल्यावर वर्षभर ठेवून मग नष्ट करतात. नष्ट करायच्या गठ्ठ्यात आमच्या जुळ्यांच्या पावसाळ्याचे कागद होते, त्याच्या आधीच्या महिन्यातले नानांचेही. एका पानावर आठ नोंदी, सगळ्या 44. खाली शेऱ्याची चौकट, जी एरवी कोरी असते. तिच्यात नानांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द होते : ‘हवा जड’.

त्यावर एक रेघ. आमच्याकडे खोडायचं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी कारण, सही, तारीख. मला तो दिवस आठवला. चार पोरांसमोर मी नानांना समजावलं होतं की दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, पाण्याच्या रेणूचं वजन 18, हवेचं सरासरी 29, तेव्हा हे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. नाना “बरं साहेब” म्हणाले होते.

रेघेशेजारी कारण लिहिलं होतं, ‘चुकीची नोंद’. सही माझी होती.